‘श्रायबेन’ : चाल जर्मन, मूळ लॅटिन

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जर्मन भाषेतील उसन्या शब्दांविषयी प्रसिद्ध झालेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. परभाषेच्या घडणीसारख्या विषयाला मराठी वृत्तपत्राने पूर्ण पान द्यावे, ही मनापासून कौतुक करण्याजोगी गोष्ट आहे आणि लेखकांनी विषय मेहनतीने मांडला आहे, यातही शंका नाही. मात्र ‘श्रायबेन’ म्हणजे ‘लिहिणे’ या क्रियापदाबद्दल लेखात जो निष्कर्ष काढला आहे, तो मला स्वीकारता येत नाही. निष्कर्षापेक्षाही तो ज्या वाटेने काढला ती वाट अधिक तपासून पाहायला हवी, कारण जर्मन शिकणारे अनेक विद्यार्थी याच वाटेने जातात आणि पुढे इतर शब्दांच्या बाबतीतही फसतात.

लेखातील युक्तिवाद असा आहे. जर्मनमध्ये बाहेरून आलेली क्रियापदे ‘श्टुडीरेन’, ‘रेगीरेन’ यांप्रमाणे ‘-ईरेन’ हा प्रत्यय घेतात आणि सगळ्या काळांत सरळ, नियमित चालतात. ‘श्रायबेन’चे तसे नाही. त्याचा भूतकाळ ‘श्रीब’ आणि भूतकालवाचक धातुसाधित ‘गेश्रीबेन’ असे होते, म्हणजे धातूच्या पोटातला स्वरच पालटतो. हा स्वरपालट अस्सल जर्मन धातूंचे लक्षण असल्यामुळे ‘श्रायबेन’ हे लॅटिन ‘स्क्रीबेरे’पासून आलेले नसून दोन्ही शब्द एकाच प्राचीन इंडो-युरोपीय (संस्कृत, लॅटिन, जर्मन या सगळ्यांच्या समान आदिभाषेतील) मुळापासून स्वतंत्रपणे निघालेले सख्खे भाऊ आहेत, असे लेखक म्हणतात.

हा युक्तिवाद निराधार नाही, हे आधीच नमूद करतो. इंडो-युरोपीय मुळात ‘ओरखडणे, कोरणे’ या अर्थाचा जो धातू कल्पिला जातो, त्याच्या शेवटी महाप्राण ‘भ’ होता असे मानले, तर त्याचा लॅटिनमध्ये शब्दाच्या मध्यभागी ‘ब’ होतो आणि जर्मेनिक शाखेतही, म्हणजे जर्मन, इंग्रजी, गॉथिक यांच्या शाखेतही, ‘ब’च होतो. आरंभीचा ‘स्क’ दोन्हीकडे जसाच्या तसा राहतो आणि मुळातल्या ‘एइ’ या जोडस्वराचा दोन्हीकडे दीर्घ ‘ई’ होतो. त्यामुळे हा धातू वारशाने आला असता, तरी त्याचे प्राचीन जर्मन रूप बहुधा असेच दिसले असते. एरवी उसना शब्द ओळखायला ध्वनिनियमांचा फार उपयोग होतो, पण नेमक्या या शब्दापुरती त्यांची साक्ष दोन्ही पक्षांना सारखीच लागू पडते. अशा वेळी निवाडा इतर पुराव्यांवर करावा लागतो आणि तो पुरावा सगळा लॅटिनच्या बाजूचा आहे.

पण त्याआधी स्वरपालटाच्या मुद्द्याविषयी. क्रियापदांना ‘सबल’ आणि ‘दुर्बल’ ही नावे जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी दिली. त्यांच्या जर्मन व्याकरणाचा पहिला खंड १८१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जे क्रियापद भूतकाळ दाखवण्यासाठी बाहेरचा प्रत्यय न घेता आपलाच स्वर बदलते ते सबल, आणि ज्याला ‘-टे’ या प्रत्ययाचा आधार लागतो ते दुर्बल. सबल क्रियापदांचा साठा बहुतांशी फार जुना आणि वारशाने आलेला आहे, हे खरेच आहे. परंतु ‘बहुतांशी’ या शब्दाचे भान सुटले की सबल म्हणजे अस्सल, असे समीकरण मनात बसते. वास्तविक सबल किंवा दुर्बल ही क्रियापदाची चाल आहे, आणि चालीवरून जन्मस्थान सिद्ध होत नाही.

‘-ईरेन’च्या बाबतीतही असेच झाले आहे. हा प्रत्यय जुन्या फ्रेंचमधील ‘-इएर’ या क्रियार्थक रूपावरून १२ व्या शतकाच्या सुमारास, दरबारी आणि सरदारी संस्कृतीच्या प्रभावाबरोबर जर्मनमध्ये आला. म्हणजे त्याआधी कित्येक शतके जर्मनमध्ये दाखल झालेल्या लॅटिन शब्दांना हा प्रत्यय लागण्याचा प्रश्नच नव्हता. उलट तो एकदा रुळल्यावर जर्मन लोकांनी तो आपल्या घरच्या शब्दांनाही लावला. ‘हाल्ब’ म्हणजे अर्धा हा शब्द पूर्णपणे जर्मन आहे, पण त्यापासून ‘हाल्बीरेन’ (अर्धे करणे) झाले. ‘बुखश्टाबे’ म्हणजे अक्षर, त्यापासून ‘बुखश्टाबीरेन’ (एकेक अक्षर सांगणे) झाले. प्रत्यय परका आणि मूळ देशी अशी ही उदाहरणे डोळ्यांसमोर असताना, मूळ परके आणि चाल देशी असा उलट प्रकार अशक्य मानण्याचे कारण उरत नाही.

तो प्रकार घडला कसा, हे पाहणे मला या सगळ्या विषयातील सर्वांत आनंददायी भाग वाटतो. लॅटिन ‘स्क्रीबेरे’मधला ‘ई’ दीर्घ आहे. प्राचीन उच्च जर्मनमध्ये (म्हणजे लिखित जर्मनच्या सर्वांत जुन्या टप्प्यात) धातूत दीर्घ ‘ई’ असलेल्या सबल क्रियापदांचा एक मोठा, ठसठशीत गट होता आणि व्याकरणात आजही तो पहिला वर्ग म्हणून शिकवला जातो. उदाहरणार्थ ‘स्तीगान’ (चढणे) : एकवचनी भूतकाळ ‘स्तेइग’, अनेकवचनी ‘स्तिगुन’, धातुसाधित ‘गिस्तिगान’. लॅटिन क्रियापद जर्मन तोंडी आले तेव्हा त्याचा साचा या गटाशी इतका जुळत होता, की ते थेट त्या रांगेत जाऊन बसले : ‘स्क्रीबान’, ‘स्क्रेइब’, ‘स्क्रिबुन’, ‘गिस्क्रिबान’. लॅटिनचा स्वतःचा भूतकाळ ‘स्क्रिप्सी’ असा होता, त्याची जर्मन चालीत खूणही नाही. शब्द घेतला, त्याची रूपे मात्र घरची लावली. मराठीत ‘बदल’ हा अरबी शब्द फारसीमार्गे आला आणि आज आपण ‘बदलणे, बदलला, बदलून’ असे सगळे मराठी प्रत्यय त्याला विनासायास लावतो, त्यातलाच हा प्रकार आहे. जर्मनने फक्त प्रत्ययांच्या जागी स्वर बदलले.

हे एकट्या ‘श्रायबेन’चे भाग्य नव्हे. ‘प्फायफेन’ (शिट्टी किंवा बासरी वाजवणे) हे लॅटिन ‘पीपारे’पासून आलेले क्रियापद ‘प्फिफ, गेप्फिफेन’ असे सबल चालते. ‘प्रायझेन’ (स्तुती करणे) हे जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन ‘प्रेतिउम’ म्हणजे किंमत या शब्दापर्यंत जाते. मध्ययुगात ते दुर्बल चालत असे आणि पुढे ‘प्रीस, गेप्रीझेन’ अशी सबल रूपे घेऊ लागले. तिन्ही क्रियापदांच्या धातूत मुळात दीर्घ ‘ई’ होता आणि तिन्ही त्याच पहिल्या वर्गात गेली, हा योगायोग नाही. ‘प्रायझेन’चे उदाहरण तर निर्णायक आहे, कारण फ्रेंचमधून आलेले आणि आधी नियमित चालणारे क्रियापद नंतर सबल झाल्याचा मार्ग त्यात उघड दिसतो. लेखातील कसोटी लावायची तर ‘प्रायझेन’लाही अस्सल जर्मन म्हणावे लागेल, आणि तसे कोणीही म्हणणार नाही.

आता मुख्य पुराव्याकडे वळतो. ‘श्रायबेन’ जर वारशाने आलेले असते, तर लेखनासाठी ते सगळ्या जर्मेनिक भाषांत, निदान सर्वांत जुन्या साक्षींत तरी, सापडायला हवे होते. तसे ते सापडत नाही. जर्मेनिक भाषांतील सर्वांत जुना मोठा ग्रंथ म्हणजे ४ थ्या शतकात वुल्फिला या गॉथ लोकांच्या धर्मगुरूने केलेले बायबलचे गॉथिक भाषांतर. त्यात ‘असे लिहिले आहे’ हे वाक्य ‘गामेलिथ इस्त’ असे येते. हे ‘मेल्यान’ क्रियापदाचे रूप असून आजच्या जर्मन ‘मालेन’ म्हणजे रंगवणे, चितारणे या क्रियापदाचे ते नातेवाईक आहे. म्हणजे गॉथ लोकांनी लेखनाची कल्पना रंगवण्याच्या शब्दाने व्यक्त केली. ‘स्क्रीबान’चा तिथे मागमूस नाही.

त्याहून बोलका पुरावा ऱ्हाइनकाठचा आहे. ऱ्हाइनहेसेन भागातील फ्रायलाउबर्सहाइम येथे एका स्त्रीच्या थडग्यात ६ व्या शतकातील एक ब्रोच सापडला. त्याच्या मागच्या बाजूला रून लिपीत, म्हणजे जर्मेनिक लोकांच्या जुन्या कोरीव अक्षरांत, जी ओळ कोरली आहे, तिचा आरंभ ‘बोसो व्राएत रूना’ असा आहे : बोसोने रून लिहिल्या. इथले ‘व्राएत’ हे ‘व्रीतान’ या क्रियापदाचा भूतकाळ असून इंग्रजीतील ‘राइट’ हे त्याच क्रियापदाचे आजचे रूप आहे. जर्मन भूमीवर, जर्मन बोलणाऱ्या माणसाने, स्वतः लिहिण्याच्या कृतीला दिलेला हा शब्द आहे आणि तो ‘स्क्रीबान’ नाही. धातूवर टोकदार हत्याराने रेघा ओढणाऱ्या त्या माणसाला ‘कोरणे’ हाच शब्द सुचला, हे अगदी स्वाभाविक आहे.

हा देशी शब्द पुढे जर्मनमधून नाहीसा झाला नाही, त्याचा अर्थ मात्र सरकला. त्याचे आजचे रूप ‘रायसेन’ असून त्याचा अर्थ ‘फाडणे, ओढून तोडणे’ असा आहे. तरीही जुन्या अर्थाचे अवशेष कारागिरांच्या आणि वास्तुविशारदांच्या भाषेत टिकून आहेत. इमारतीच्या तळमजल्याचा आराखडा म्हणजे ‘ग्रुंडरिस’, बाह्यरेषा म्हणजे ‘उमरिस’ आणि आराखडे काढण्याचा फळा म्हणजे ‘रायसब्रेट’. या तिन्ही शब्दांत ‘रायसेन’चा अर्थ फाडणे नसून रेघ ओढणे हा आहे. लेखनाच्या कामातून ज्या शब्दाला लॅटिनच्या पाहुण्याने बाजूला केले, त्याच्या जुन्या हुद्द्याची ही शिल्लक राहिलेली निशाणी आहे. इंग्रजीत नेमके उलट घडले. तिथे ‘राइट’ने आपली जागा राखली.

लॅटिन शब्द इंग्रजीच्या पूर्वजाकडेही गेला होता, पण वेगळ्या कामासाठी. प्राचीन इंग्रजीतील ‘स्क्रीफान’ याचा अर्थ पापाची कबुली ऐकून प्रायश्चित्त नेमून देणे असा होता. त्यापासूनच ‘श्राइव्ह’ हे क्रियापद आणि उपवासपर्वाच्या आदल्या दिवसाचे ‘श्रोव्ह ट्यूजडे’ हे नाव आले. धर्मगुरूने लिहून दिलेले ते प्रायश्चित्त, हा अर्थाचा प्रवास लॅटिन आणि ख्रिस्ती पार्श्वभूमीशिवाय समजावून सांगणे कठीण आहे. प्राचीन नॉर्समधील, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतील, ‘स्क्रिफा’ तर दुर्बल चालते आणि आइसलँडच्या भाषेत आजही तसेच चालते. वारशाने आलेला एकच सबल धातू एका भाषेत लेखनासाठी सबल राहावा, दुसरीत प्रायश्चित्तापुरता उरावा, तिसरीत दुर्बल व्हावा आणि गॉथिकमध्ये आढळूच नये, यापेक्षा प्रत्येकीने आपापल्या वेळी आपापल्या पद्धतीने तो बाहेरून घेतला, हे स्पष्टीकरण सरळ आणि पुरेसे आहे. ‘ओरखडणे’ किंवा ‘नेमून देणे’ अशा अर्थाचा एखादा देशी धातू आधीपासून असावा आणि लॅटिन शब्द त्यात मिसळला असावा, अशी कल्पना काही अभ्यासकांनी मांडली आहे. ती मान्य केली तरीही ‘लिहिणे’ हा अर्थ लॅटिनकडूनच आला, हे त्यांनाही सोडता आलेले नाही.

शिवाय शब्द एकटा प्रवास करत नाही. जर्मनमध्ये पत्राला ‘ब्रीफ’ म्हणतात, ते लॅटिन ‘ब्रेवे’ म्हणजे संक्षिप्त लेख यावरून. शाईला ‘टिंटे’ म्हणतात, ते ‘टिंक्टा’ म्हणजे रंगवलेले (पाणी) यावरून. ‘टाफेल’ म्हणजे पाटी, हे ‘टाबुला’वरून, ‘झीगेल’ म्हणजे मोहोर, हे ‘सिगिल्लुम’वरून, आणि ‘शूले’ म्हणजे शाळा, हे ‘स्कोला’वरून. शाई, पाटी, पत्र, मोहोर आणि शाळा एवढा सगळा संसार रोमकडून आणि त्यानंतर मठांतून आला, आणि त्या संसाराच्या केंद्रस्थानी असलेली कृती मात्र घरचीच राहिली, असे मानायचे असेल तर तसा स्वतंत्र पुरावा हवा. सगळेच लॅटिनकडून आले असा माझा दावा नाही. ‘लेझेन’ म्हणजे वाचणे हे देशी आहे, त्याचा मूळ अर्थ वेचणे आहे आणि द्राक्षांच्या तोडणीसाठी तो आजही वापरला जातो. ‘बुख’ म्हणजे पुस्तक हेही देशी आहे. पण देशी शब्दांची ही यादी लहान आहे आणि ‘श्रायबेन’ तिच्यात बसत नाही.

ज्या काळात जर्मन भाषा प्रथम कागदावर, किंबहुना चर्मपत्रावर आली, त्या काळातील लिहिणारे हात मठवासीयांचे होते आणि ते आधी लॅटिन लिहायला शिकलेले असत. सांक्ट गालेनच्या मठात जतन झालेला ‘आब्रोगान्स’ हा ८ व्या शतकातील लॅटिन-जर्मन शब्दकोश त्याचीच साक्ष देतो. त्यानंतरच्या शतकात वायसेनबुर्गच्या मठातील ओटफ्रीड याने येशूचे चरित्र जर्मन पद्यात रचले. तो नावाने ज्ञात असलेला पहिला जर्मन कवी. आपण जर्मनमध्ये का लिहितो, हे सांगण्यासाठी त्याने एक प्रकरणच दिले आहे. त्या प्रकरणाचे शीर्षक लॅटिनमध्ये असून त्यात लेखकासाठी ‘स्क्रिप्तोर’ आणि त्याच्या रचण्याच्या कृतीसाठी ‘दिक्तारे’ या क्रियापदाचे रूप येते. आत पद्यात मात्र, अनेक लोक आता आपल्या भाषेत लिहितात असे सांगताना, तो ‘इन सीना त्सुंगून स्क्रीबित’ असे म्हणतो. एकाच प्रकरणात लॅटिन ‘स्क्रिप्तोर’ आणि जर्मन ‘स्क्रीबित’ शेजारी नांदताना दिसतात. शीर्षकातील ‘दिक्तारे’ हे क्रियापदही जर्मनने घेतले आहे : ‘डिख्टेन’ म्हणजे काव्य रचणे. ते मात्र दुर्बल चालते, कारण त्याचा साचा कोणत्याही सबल वर्गाशी जुळणारा नव्हता. आशीर्वाद देणे या अर्थाचे ‘झेग्नेन’ हे ‘सिग्नारे’वरून आणि ‘प्रेडिगेन’ म्हणजे प्रवचन करणे हे ‘प्रेदिकारे’वरून आले. तीही दुर्बलच आहेत. सबल-दुर्बलाचा निर्णय शब्दाच्या जातकुळीवर नव्हे तर त्याच्या ध्वनिरूपावर होतो, हे या शेजारामुळे आणखी स्पष्ट होते.

एकदा घरात आल्यावर ‘स्क्रीबान’ने घरच्या शब्दांबरोबरच सगळे बदल सोसले, आणि त्यामुळेच ते आज ओळखू येत नाही. आरंभीच्या ‘स्क’चा ‘श’ झाला, जसा ‘स्कोला’चा ‘शूले’ झाला. दीर्घ ‘ई’चा ‘आय’ झाला. हा बदल १२ व्या शतकापासून आग्नेयेकडून पसरत गेला, पण स्वित्झर्लंडपर्यंत पूर्णपणे पोहोचला नाही, म्हणून तिथल्या बोलींत आजही ‘श्रीबे’ असेच ऐकू येते. भूतकाळाचे एकवचनी ‘स्क्रेइब’ हे रूप ‘श्रायब’ होऊन १६ व्या शतकातील छापील ग्रंथांतही भेटते. पुढे त्याने अनेकवचनातला स्वर घेतला आणि आजचे ‘श्रीब’ स्थिर झाले. नेमक्या याच पायऱ्या ‘श्टायगेन’ने म्हणजे जुन्या ‘स्तीगान’नेही चढल्या आहेत.

ज्या शब्दांना हे वय लाभले नाही, ते आजही परके दिसतात. विद्वानांनी नंतर पुन्हा लॅटिनकडून घेतलेले ‘स्क्रिप्ट’, ‘मानुस्क्रिप्ट’ आणि ‘ट्रान्सक्रिबीरेन’ हे शब्द त्याच ‘स्क्रीबेरे’च्या घराण्यातले, पण त्यांच्यात ‘स्क’ शाबूत आहे आणि क्रियापदाला ‘-ईरेन’ चिकटलेले आहे. ‘श्रिफ्ट’ (लिपी, लेखन) आणि ‘स्क्रिप्ट’ हे दोन शब्द शेजारी ठेवले की पहिल्याचे जुनेपण आणि दुसऱ्याचे नवेपण कोणत्याही विद्यार्थ्याला दाखवता येते. लेखात ‘ट्रान्सक्रिबीरेन’ला उसना आणि ‘श्रायबेन’ला घरचा म्हटले आहे. प्रत्यक्षात दोन्ही उसने आहेत, त्यांच्या येण्यात कित्येक शतकांचे अंतर आहे इतकेच.

हे क्रियापद स्थिरावल्यावरही लॅटिनशी त्याचा संबंध तुटला नाही, याकडेही लक्ष वेधू इच्छितो. ‘उंटरश्रायबेन’ (सही करणे) हे ‘सुब्स्क्रीबेरे’च्या, ‘बेश्रायबेन’ (वर्णन करणे) हे ‘देस्क्रीबेरे’च्या, ‘फोरश्रायबेन’ (नियम घालून देणे) हे ‘प्रेस्क्रीबेरे’च्या आणि ‘त्सूश्रायबेन’ (एखाद्याच्या नावे मांडणे) हे ‘आदस्क्रीबेरे’च्या अर्थाशी उपसर्गासकट मिळतेजुळते आहे. भाषांतर करणाऱ्यांना दोन्ही धातूंचे नाते ठाऊक होते आणि त्यांनी ते पिढ्यान्पिढ्या वापरले.

लॅटिन ‘स्क्रीबेरे’चाही मूळ अर्थ ओरखडणे हाच होता, आणि आपल्या ‘लिहिणे’मागच्या संस्कृत ‘लिख्’ धातूचाही तोच. त्यामुळे जगभर लेखन कोरण्यातून निघाले हे लेखातील विधान बरोबर आहे. पण अर्थाचे साम्य म्हणजे रक्ताचे नाते नव्हे. ‘लिख्’, ‘व्रीतान’ आणि ‘स्क्रीबेरे’ हे तीन वेगळे धातू आहेत आणि ‘श्रायबेन’ यांपैकी तिसऱ्याचे आहे.

लेखमालेचा पुढचा भाग क्रियापदांवरच आहे असे आपण जाहीर केले आहे. त्यात ‘श्रायबेन’, ‘प्फायफेन’ आणि ‘प्रायझेन’ या तिघांचा एकत्र उल्लेख करून ही दुरुस्ती छापावी, अशी लेखकांना व आपल्याला विनंती आहे. सबल क्रियापदांचे तक्ते पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या तक्त्यातच लॅटिन शब्द कुठे बसले आहेत, हे त्यामुळे पाहता येईल.

आपला नम्र,
जर्मन भाषेचा एक अध्यापक